व्हायोलिनवादक युजीन ऑरमंडी सिनेमागृहातून मोठ्या ऑर्केस्ट्रापर्यंत कसे पोहोचले?

त्यांचा जन्म 1899 मध्ये बुडापेस्टमधला, मूळ नाव येनो ब्लाउ. 1921 मध्ये ते मैफलींच्या दौऱ्याच्या आशेवर अमेरिकेत आले, पण दौरा झालाच नाही. पोटासाठी न्यूयॉर्कच्या कॅपिटल थिएटरमध्ये मूकपटांना साथ करणाऱ्या वाद्यवृंदात ते मागच्या रांगेत बसले आणि काही दिवसांतच प्रमुख व्हायोलिनवादक झाले. 1924 मध्ये वाद्यवृंदाचे संचालक आजारी पडल्यावर ऐनवेळी संचालनाची छडी त्यांच्या हाती आली. मला वाटतं, खरी तालीम तिथेच झाली: रोजचे खेळ, सरावाला वेळ कमी. 1931 मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध इटालियन संचालक तोस्कानिनींच्या जागी उभं राहण्याचं धाडस त्यातूनच आलं असावं. पुढे मिनियापोलिसच्या ऑर्केस्ट्राचं संचालन, मग 1980 पर्यंत फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचं.