४०-५० जणांच्या कंपनीत नवीन माणूस रुजू होतानाचं काम ऑटोमेट करायचं तर सुरुवात कुठून करावी?

महागडं एचआर सॉफ्टवेअर लगेच घेऊ नका. गूगल फॉर्म, एक शीट आणि थोडी अ‍ॅप्स स्क्रिप्ट (गूगलच्या शीट-फॉर्मकडून कामं आपोआप करून घेणारा छोटा कोड) एवढ्यावर बरंच भागतं.

सगळ्यात जास्त वेळ खातात ती कागदपत्रं, म्हणून हात तिथेच घाला. ऑफर स्वीकारली की फॉर्मची लिंक आपोआप जाऊ दे: आधार, पॅन, बँक खातं, आधीच्या नोकरीतला १२ अंकी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक). नावाच्या रकान्यात 'आधारवर आहे तसंच लिहा' असं ठळक टाका. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचं नाव गायब! पीएफचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. कागदांवरची नावं जुळत नसतील तर शीटमधली ओळ लाल झाली पाहिजे, म्हणजे पहिल्या पगाराच्या आधीच दुरुस्तीला वेळ मिळतो. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर रुजू झाल्यापासून १० दिवसांत नोंदणी करावी लागते, त्याचंही स्मरणपत्र लावून ठेवा.

लॅपटॉप, ईमेल आयडी, गेटपास यांचे निरोप रुजू होण्याच्या ५ दिवस आधी आयटी आणि अ‍ॅडमिनला गेले की झालं.

स्वागताचा ईमेल मात्र आपोआप पाठवू नका. 'प्रिय कर्मचारी' वाचून कुणाला आनंद होतो? पहिल्या दिवशी टीम लीडने चहाला न्यावं. कॅलेंडरमध्ये ती वेळ अडवून ठेवण्यापुरतंच ऑटोमेशन तिथे बरं.