एकटे जाता, तर आधी फावडं घ्या

प्रश्न : माझ्याकडे जुनी जिप्सी आहे, फोर बाय फोर. रविवारी सकाळी एकटाच निघतो, महूच्या पुढे चोरल, जाम गेट त्या बाजूचे कच्चे रस्ते. ग्रुपची वेळ आणि माझी वेळ कधी जमत नाही. मागच्या पावसाळ्यात एका शेतरस्त्यावर चारही चाकं बसली, शेवटी ट्रॅक्टरवाल्या भैयाने काढून दिली. आता आपली गाडी आपल्यालाच काढता यायला हवी असं ठरवलंय. बजेट बारा हजार. मित्र म्हणतो इलेक्ट्रिक विंच (मोटरने दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) बसव, व्हिडिओंमध्ये ते ताणणारे कायनेटिक रोप दाखवतात, आणि ऑनलाइन चाकाखाली घालायचे प्लॅस्टिकचे ट्रॅक बोर्ड स्वस्तात दिसतायत. काय घेऊ? — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : तुम्ही जी तीन नावं लिहिलीत ना, त्यातलं एकही आत्ता घेऊ नका. कायनेटिक रोप तर तुमच्या कामाचाच नाही, कारण तो ओढायला समोर दुसरी गाडी लागते आणि तुम्ही जाता एकटे. एकट्या माणसाने प्रत्येक वस्तूला आधी हेच विचारायचं, की आजूबाजूला कोणी नसताना ही चालते का.

विंचचं सांगतो. धड विंच बारा हजारात येत नाही, वर तिला मजबूत लोखंडी बंपर लागतो, आणि बाहेरून लावलेल्या बुल बार-क्रॅश गार्डवर कारवाई करा असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली. ओढताना विंच शेकडो अँपिअर करंट खाते, जुन्या जिप्सीच्या बॅटरीला ते झेपायला हवं. आणि मुख्य म्हणजे पुढे लावलेली विंच गाडी पुढेच ओढते, म्हणजे जिथे फसलात तिथून अजून आत! एकट्याला बहुतेक वेळा मागे यायचं असतं, आलो त्याच चाकोरीतून, कारण तिथली जमीन गाडीचं वजन घेते हे आत्ताच पाहिलेलं असतं.

आता फावड्याकडे या, आणि ह्याला हलकं समजू नका. फसलेली गाडी ओढायला किती जोर लागतो ह्याचा लष्करी रिकव्हरीत वापरतात तो एक ढोबळ अंदाज आहे: चिखल चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे हबपर्यंत असेल तर साधारण गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत गेला तर दुप्पट, आणि त्याच्याही वर गेला तर तिप्पट. तुमची जिप्सी सामानासकट सव्वा टन धरा. मडगार्डपर्यंत बसलेली जिप्सी म्हणजे अडीच टनाची ओढ, आणि तुम्ही अर्धा तास खणून चिखल हबपर्यंत उतरवलात की तीच सव्वा टनावर येते. जे काम फावडं फुकटात करतं त्याच्यासाठी दुप्पट ताकदीचं मशीन घेण्यात काय अर्थ आहे? म्हणून पहिला खर्च एक लांब दांड्याचं फावडं (फोल्डिंगचं ते खेळण्यासारखं नको, त्याने काळी माती निघत नाही), एक छोटी गैंती आणि एक तगारी. हजाराच्या आत होईल. चाकांच्या मागे उतार काढायचा, ॲक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) आणि त्याच्या मधला फुगीर डिफरन्शियल मातीवर टेकलेत का ते वाकून बघायचं आणि टेकले असतील तर तिथली माती आधी काढायची, कारण गाडीचं पोट जमिनीवर बसलेलं असेल तर चाकं कितीही फिरवा, काही होत नाही.

इथे आपल्या मातीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण बाहेरचे व्हिडिओ बहुतेक वाळूचे असतात आणि माळव्यात वाळू कुठे आहे. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकातून झालेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर, ते पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, मग शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात हीच माती टायरच्या खाचांत बसते आणि चाक गुळगुळीत होतं, मग फोर बाय फोरची चारही चाकं एकाच वेळी घसरतात. म्हणून वाळूत टायरची हवा कमी केली की जो चमत्कार होतो तेवढा काळ्या मातीत होत नाही. फायदा होतो, पण कमी. तरी हवा कमी करणं हाच दुसरा उपाय, फुकट आहे म्हणून. नेहमीच्या हवेवरून 18-20 पीएसआयपर्यंत आणा. तुमच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर त्याच्या खाली नका जाऊ, टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. ट्यूबलेस असेल तरी साध्या रिमवर 15 च्या खाली टायर रिममधून सुटायची भीती असते.

हवा काढली की ती भरायलाही लागते, कमी हवेवर डांबरी रस्त्याने पळवली तर टायर तापून फुटतो. तेव्हा एक बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर, बॅटरीला क्लिप लावायचा तो, लायटरच्या सॉकेटवाला नाही कारण त्याचा फ्यूज उडतो. आणि एक वेगळं गेज, कॉम्प्रेसरवरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. हे दोन-अडीच हजारांत बसतं.

ट्रॅक बोर्डचं म्हणाल तर स्वस्त बोर्डाचे दाते चाक एकदा गरगरलं की वितळून सपाट होतात, मग ती नुसती प्लॅस्टिकची फळी राहते. त्याऐवजी चार बारदानं, जुन्या टायरच्या कापलेल्या दोन पट्ट्या किंवा ट्रकच्या जाड रबरी मॅटचे तुकडे ठेवा. प्रत्येकाला दोरी बांधून ठेवा, नाहीतर चिखलात गडप झालेली पट्टी शोधण्यात संध्याकाळ जाईल. पुढे कधी पैसे झाले तर चांगले बोर्ड जरूर घ्या, वस्तू वाईट नाही, पण ते आधी घ्यायचं सामान नव्हे.

जॅक बदला. गाडीबरोबर आलेला जॅक चिखलात स्वतःच खाली जातो. एक बॉटल जॅक घ्या आणि त्याच्याखाली ठेवायला 18 मिलिमीटरच्या प्लायचा एक फूट बाय एक फूट तुकडा, कोणत्याही सुताराकडे उरलेला मिळतो. जिप्सीला पुढे-मागे सलग ॲक्सल आहे ही तुमची जमेची बाजू, जॅक ॲक्सलखाली लावला की चाक लगेच वर येतं, चेसिसला लावला तर आधी स्प्रिंग सैल होतो आणि मग चाक उठतं. चाक उठलं की त्याच्या खड्ड्यात दगड भरायचे, विंध्याच्या ह्या भागात दगडांना तोटा नाही, मग जॅक काढायचा. मात्र जॅकवरच्या गाडीखाली डोकं, हात काहीही घालू नका, दगड फावड्याने ढकला. तो उंच लोखंडी फार्म जॅक बघून मोहात पडू नका, त्याचा दांडा उलट फिरून तोंडावर बसला तर एकट्या माणसाला उचलायला कोण येणार?

आता ओढायचं सामान, आणि इथे उरलेले सगळे पैसे लावा. इंदूरच्या सियागंज बाजारात जाऊन मशिनरी-लिफ्टिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात बसा, ऑफ-रोडचं दुकान शोधू नका. तिथे रॅचेट लिव्हर ब्लॉक (दांडा मागे-पुढे करून साखळी ओढणारं हातयंत्र) मागा, चेनचा, दीड टनी. साखळी ओढून चालवायचा चेन पुली ब्लॉक वर उचलायला असतो, लिव्हर ब्लॉक आडवाही ओढतो, हा फरक दुकानदाराला स्पष्ट सांगा. एका दमात तो दीडेक मीटरच ओढेल, मग गाडी चाकांना दगड लावून थांबवायची आणि पुन्हा पुढे बांधायचं. वेळखाऊ आहे. पण बॅटरी लागत नाही, पुढे-मागे-बाजूला कुठेही लागतो, आणि तुम्हाला हवी असते ती मदत बहुतेक वेळा दोन-तीन मीटरचीच, तेवढ्यात चाकं कडक जमिनीवर येतात.

त्याच दुकानात पॉलिएस्टरचे चपटे वेबिंग स्लिंग मिळतात, क्रेनवाले वापरतात ते. त्यांचा रंगच क्षमता सांगतो: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. लेबल शिवलेलं आणि त्यावर 7:1 लिहिलेलं बघून घ्या, म्हणजे तीन टनी पिवळा स्लिंग एकवीस टनापर्यंत तुटत नाही असा त्याचा अर्थ. एक छोटा झाडाला गुंडाळायला आणि एक-दोन लांब अंतर भरायला. हा ताणत नाही म्हणून झटका देऊन ओढायला चालणार नाही, सावकाश ओढायला उत्तम. आणि दोन बो शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी), पाच सुती किंवा सहा सुती, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सुतीवर 4.75 टनाचा शिक्का असतो. शिक्का नसलेला शॅकल कितीही जाड दिसला तरी परत ठेवा. पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, म्हणजे ताणानंतर अडकून बसत नाही.

बांधायचं बाभळीला, पळसाला, जिवंत झाडाला, अगदी बुडाशी. साखळी थेट खोडाला नको, साल निघते आणि झाड मरतं. ताणलेल्या साखळीवर किंवा स्लिंगवर एखादं ओलं बारदान टाकून ठेवा, काही तुटलं तर त्याचा फटका मरतो. आणि त्या ओळीच्या वरून कधी ओलांडून जाऊ नका.

झाडच नसेल तर स्टेपनी पुरायची. ओढीच्या दिशेला आडवा चर, दोन-अडीच फूट खोल, स्टेपनी उभी, मधून स्लिंग, आणि स्लिंगसाठी गाडीकडे तिरका छोटा चर म्हणजे ओढ वरच्या दिशेला जात नाही. घाम निघतो, पण धरते. पुन्हा फावडंच.

हे सगळं करायच्या आधी एक गोष्ट: चाक जागच्या जागी फिरायला लागलं की त्याच क्षणी पाय काढा. पहिल्या दहा सेकंदांत जेवढं नुकसान होतं तेवढं नंतर तासभर खणून निघत नाही. खाली उतरा, पुढचे हब (चाकाच्या मध्यावरची, चाक ॲक्सलला जोडणारी कळ) लॉक आहेत ना बघा, जुन्या जिप्सीत कित्येकदा लिव्हर फोर व्हीलला असतो आणि हब मोकळेच असतात. मग फोर लो (चारही चाकांना कमी वेग, जास्त जोर), दुसरा गियर, हलका पाय.

आणि ओल्या शेतात मुळात जाऊच नका. तुम्हाला गाडी काढता येईल हो, पण सोयाबीन उभं असतं, तुमची चाकोरी शेतकऱ्याच्या बांधावर वर्षभर राहते. चोरलच्या बाजूला बराच भाग वनविभागाचा आहे, तिथे परवानगीशिवाय रस्ता सोडायचा नाही. पाऊस उघडल्यावर दोन दिवस ऊन पडू द्या, मग निघा.

प्रश्न : माझा मुलगा असाच एकटा गाडी घेऊन जातो. घाटाखाली गेला की फोन लागत नाही, माझा जीव टांगणीला. त्याचा मामा अमेरिकेत आहे, तो म्हणतो सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं छोटं यंत्र पाठवतो. घ्यावं का? — एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : काकू, मामांना नको म्हणून सांगा, आजच सांगा. आपल्याकडे सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेज पाठवणारं यंत्र सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाही, त्यावरून लोकांना विमानतळावर अटक झालेली आहे. परदेशात ते सर्रास वापरतात म्हणून मामांना ते साधं वाटत असेल.

त्याऐवजी मुलाकडून कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: कुठल्या गावावरून कुठल्या गावाला जाणार, किती वाजता परत फिरणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर तुम्ही काय करायचं. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कोणी लिहीत नाही. वेळ टळली की तुम्ही 112 ला फोन करून तो कागद वाचून दाखवायचा, संकोच करायचा नाही. रस्ता बदलला तर रेंज असेपर्यंतच त्याने कळवायचं. फसला आणि रात्र झाली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही, पाणी आणि टॉर्च गाडीतच ठेवायचा. आणि हे त्याला दोनदा सांगा: सायलेन्सर चिखलात बुडालेला असताना काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, आत विषारी वायू भरतो आणि त्याला वास नसतो.

नदी-नाल्याचंही बोला त्याच्याशी. पातालपाणी धबधब्याला जुलै 2011 मध्ये वरून अचानक लोंढा आला आणि सहलीला आलेली माणसं वाहून गेली, ते इंदूरला अजून आठवतं. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी उचलतं, दोन फुटांना तर जवळजवळ कुठलीही. तिथे कुठलंच सामान उपयोगी नाही, थांबायचं किंवा परत फिरायचं.

प्रश्न : एवढं करूनही ट्रॅक्टरच बोलवावा लागला तर गाडी कुठे बांधायची? मागच्या वेळी बंपरला बांधली, बंपर निघून आला. — एक वाचक, राऊ

उत्तर : गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टो हुकलाच, जो चेसिसला बोल्ट केलेला असतो. बंपर, स्टीअरिंगचे रॉड, आणि ट्रेलर ओढायचा तो गोळा, ह्यांना अजिबात नाही. तो गोळा तुटून उडाल्याने माणसं गेलेली आहेत. ट्रॅक्टरवाले दादा बहुधा साखळी काढतील, तुमचा स्लिंग आणि शॅकल त्यांच्या हातात द्या. ढिली ठेवून धावत झटका द्यायचा नाही, आधी ताण घ्यायचा, मग पहिल्या गियरमध्ये सावकाश, हे त्यांना आधीच सांगा, मध्येच ओरडून उपयोग होत नाही. बघायला जमलेली मुलं दोरीच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभी करा. आणि ओढायला लावायच्या आधी तुमच्या चाकांमागची माती काढून ठेवा, डिझेल त्यांचं जळतंय.