ऊन अडवून पृथ्वी थंड करायला खर्च नक्की किती?

"वर्षाला सव्वादोन अब्ज डॉलरमध्ये पृथ्वी थंड होत असेल, तर जग थांबलंय कशासाठी?" असं तुम्ही विचारलंय. आकडा बरोबर आहे. फक्त तो कशाचा, ते पाहायला हवं.

तो वेक स्मिथ आणि गर्नॉट वॅगनर यांच्या २०१८ च्या अभ्यासातला. गंधक २० किलोमीटर उंचीवर नेऊन सोडायचं, त्याचे सूक्ष्म कण थोडं ऊन अवकाशात परतवतात, ही कल्पना. प्रवासी विमानं १२ किलोमीटरच्या आसपासच उडतात, म्हणून नवीन विमान बनवावं लागेल. त्याची तयारी साडेतीन अब्ज डॉलर, मग पहिली १५ वर्षं दरसाल सरासरी सव्वादोन अब्ज. रुपयांत साधारण १९-२० हजार कोटी. मुंबई महापालिकेचं बजेट याच्या तिपटीहून जास्त भरतं! आणि एवढं करून तापमान उतरत नाही, वाढीचा वेग निम्मा होतो. शिवाय ही झाली नुसती हमाली.

१९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला आणि जग सुमारे अर्धा अंश थंडावलं. पण १९९२ मध्ये जमिनीवरचा पाऊसही ठळकपणे घटला. पिनाटुबो आणि मेक्सिकोतला एल चिचोन या ज्वालामुखींच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये आला होता. गारव्यामुळे पिकांना जो फायदा व्हायचा, तो ऊन कमी पडल्याने जवळपास सगळा बुडतो, असा त्याचा निष्कर्ष.

त्यात मोसमी पाऊस. तो कमी होऊ शकतो, असं हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅलन रोबॉक यांच्या मॉडेलने २००८ मध्येच दाखवलं. समजा, फवारणी चालू असताना मराठवाड्यात सोयाबीन गेलं. एल निनोमुळे की विमानांमुळे, हे सिद्ध कोण करणार? भरपाई कुणाकडे मागायची? माझ्या मते खरा खर्च हा आहे, आणि त्या सव्वादोन अब्जात त्याचा एक पैसाही धरलेला नाही.

शिवाय कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो. उत्सर्जन चालूच ठेवलं तर युद्ध असो की मंदी, फवारणी सोडता येत नाही. सोडली तर दाबून ठेवलेली तापमानवाढ काही वर्षांतच उसळते. कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने होणारं समुद्राचं आम्लीकरण तर थांबतच नाही.

याच कल्पनेच्या प्रयोगासाठी हार्वर्ड विद्यापीठाचा एक फुगा २०२१ मध्ये स्वीडनमधल्या किरुनाहून उडणार होता, तोही कण न सोडता, नुसती उपकरणं तपासायला. तिथल्या मूळनिवासी सामी लोकांनी विरोध केला, उड्डाण रद्द झालं. २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला. ते उड्डाण काही पैशावाचून अडलं नव्हतं.