वाचक विचारतात : ट्रॅकवरचे दहा हजार मीटर

थंडी पडली की पुण्यातल्या धावगटांना ट्रॅकची आठवण होते. या वेळी आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न निवडले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण ट्रॅकवरची बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

आमच्या गटात चाळीसेक जण आहेत. रस्त्यावरच्या १० किलोमीटरच्या शर्यती सगळ्यांच्या पळून झाल्या आहेत. जानेवारीतल्या एका रविवारी सिंथेटिक ट्रॅकवर १०,००० मीटर ठेवायचं म्हणतो आहोत. फेऱ्या आपोआप नोंदवणारी चिप परवडणार नाही. फेऱ्या मोजायच्या कशा? सगळ्यांना एकदम सोडलं तर चालेल का?
— धावगटाचे संयोजक, कोथरूड

एकदम सोडू नका. ४०० मीटरच्या २५ फेऱ्या ४० मिनिटांत संपवणारा शेवटची रेषा ओलांडतो, तेव्हा ६५ मिनिटं घेणाऱ्याच्या जेमतेम १५ फेऱ्या झालेल्या असतात. म्हणजे या एकाच धावपटूला पहिल्याने नऊ वेळा मागे टाकलेलं असतं. चाळीस जणांत असं सुरू झालं की दहा मिनिटांत कोण कितव्या फेरीत आहे ते देवालाच ठाऊक! तेरा-चौदा जणांचे तीन गट करा: ५८ मिनिटांच्या वरचे, ४८ ते ५८ मधले आणि ४८ च्या आतले. वेळ प्रत्येकाकडून लेखी घ्या, आणि तीही गेल्या सहा महिन्यांतली. 'सर्वोत्तम वेळ' विचारलीत, तर लोक पाच वर्षांपूर्वीची सांगतात.

सर्वांत हळू गट आधी सोडा. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा ७:०० ला पहिला गट, ८:२० ला दुसरा, ९:३० ला तिसरा. वेगवान मंडळी उन्हाबद्दल कुरकुर करतील, करू द्या. ती पाऊण तासात सुटतात. सत्तर मिनिटं पळणाऱ्याला सकाळचा गारवा जास्त लागतो.

आता मोजणी. नियमांप्रमाणे एका मोजणाऱ्याकडे चारपेक्षा जास्त धावपटू देत नाहीत. तुमची माणसं नवखी असणार, म्हणून तीनच द्या. चौदा जणांना पाच मोजणारे, एक घड्याळ वाचणारा, एक फेऱ्यांच्या बोर्डापाशी आणि एक घंटेपाशी. पहिल्या गटाची मोजणी तिसऱ्याने करावी, तिसऱ्याची पहिल्याने. मधल्या गटासाठी घरची माणसं आणि न पळणारे सभासद बसवा. लगेच पळायचं आहे अशा माणसाला मोजायला बसवलं, तर त्याचं अर्धं लक्ष बुटांच्या नाड्यांकडे असतं.

कागदावर काय लिहायचं, हे सर्वांत महत्त्वाचं. बरोबरच्या खुणा किंवा उभ्या रेघा मारू नका, वेळ लिहा. प्रत्येक धावपटूचा एक रकाना, त्यात १ ते २५ ओळी. तो रेषा ओलांडतो तेव्हा चालू घड्याळात जे दिसतं तेच त्या ओळीत. घड्याळ वाचणारा मोठ्याने म्हणत राहतो, "सोळा पस्तीस… सदतीस… एक्केचाळीस…", आणि ज्याचा धावपटू गेला तो लिहून घेतो. समजा एका रकान्यात १४:१०, १६:३५, २१:२४ असं आलं. पहिलं अंतर २:२५ चं, दुसरं ४:४९ चं. हा गडी मध्येच चालायला लागला नव्हता. मोजणाऱ्याची एक नोंद सुटली. मध्ये एक ओळ घालून पुढचे आकडे सरकवले की हिशोब जुळतो. नुसत्या खुणा केल्या असत्या, तर पंचवीसच्या जागी चोवीस एवढंच दिसलं असतं आणि चूक कुणाची हे कधीच कळलं नसतं. उलट प्रकारही होतो. एखाद्या रकान्यात ०:४० आणि पाठोपाठ १:४४ अशी अंतरं दिसली, तर दुसऱ्याच कुणाची वेळ इथे पडली आहे. दर पाच फेऱ्यांनी अंतरांवर नजर टाकायची. शर्यत संपेपर्यंत थांबलात तर धावपटू एक फेरी कमी पळून पाणी पीत बसलेला असतो.

फेऱ्यांच्या बोर्डावरचा आकडा पहिल्या धावपटूचा असतो. मागे पडलेले तोच आपला समजतात आणि पहिल्यासाठी वाजलेली घंटा ऐकून जोर लावतात. म्हणून शेवटच्या पाच फेऱ्यांत मोजणाऱ्याने आपल्या प्रत्येक माणसाला नावाने हाक मारून "अजून चार" असं सांगायचं. शेवटच्या फेरीची घंटा प्रत्येकासाठी स्वतंत्र वाजवायची.

मोजणारे ट्रॅकच्या आत, शेवटच्या रेषेपाशी बसणार असतील तर त्यांना धावपटूची डावी बाजू दिसते. छातीवरच्या नंबराशिवाय डाव्या दंडावरही मार्करने नंबर काढा. इंकजेटवर छापलेले कागदी नंबर घामाने विरघळतात. मुख्य घड्याळ मोबाइलवर ठेवू नका, ऐन वेळी फोन येतो नाहीतर स्क्रीन बंद पडते. दोन स्टॉपवॉच एकाच शिट्टीला चालू करून ठेवा. स्टॉपवॉचवर हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशाला नेतात: ४८:१२.३१ दिसलं तर ४८:१२.४ लिहायचं.

सुरुवातीला फक्त "ऑन युवर मार्क्स" आणि मग शिट्टी. "सेट" ही आज्ञा लांबच्या शर्यतींत नसते.

प्रत्येक वेळी बालेवाडीच्या ट्रॅकवर २५ फेऱ्या पूर्ण केल्या की माझं घड्याळ १०.३ किलोमीटर दाखवतं. ट्रॅक चुकीचा आखला आहे का?
— वाचक, सिंहगड रस्ता

ट्रॅकवर संशय घेऊ नका. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात २०१३ साली आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली. तिथला ट्रॅक चुकीचा आणि मनगटावरचं घड्याळ बरोबर, असं होत नाही. ४०० मीटर हे अंतर पहिल्या लेनच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजलेलं असतं. त्या रेषेपासून तुम्ही १० सेंटिमीटर बाहेर पळालात, की फेरीला ६३ सेंटिमीटर वाढतात. लेनच्या बरोबर मधून पळालात तर २५ फेऱ्यांत सुमारे ४९ मीटर जास्त होतात. दुसऱ्या लेनमधून पूर्ण शर्यत पळालात तर १७६ मीटर. एवढं तुम्ही खरोखरच पळालेले असता. उरलेली वाढ उपग्रहाच्या संकेतातल्या चुकीची. वळणावर घड्याळाने धरलेला तुमच्या जागेचा बिंदू इकडेतिकडे उड्या मारतो आणि घड्याळ त्या उड्याही अंतरात धरतं. घड्याळात ट्रॅकची सोय असेल तर लेनचा नंबर भरून ती वापरा. नसेल तर दर फेरीला बटण दाबा आणि अंतराचा आकडा विसरा.

वळणावर कुणाला ओलांडायला गेलात आणि पूर्ण वळण दुसऱ्या लेनमध्ये काढलंत, तर साडेतीन मीटर जास्त पडतात. सरळ मार्ग येईपर्यंत धीर धरा. ओलांडणाऱ्याने उजवीकडून जायचं. पुढच्याने लेन सोडायची नाही. "ट्रॅक, ट्रॅक" म्हणून ओरडत येणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

काही मैदानांवर सरावाच्या वेळी आतल्या लेन शंकू ठेवून बंद करतात. तिसरी लेन मिळाली तर तिथली फेरी ४१४.७० मीटरची. १०,००० मीटरसाठी २४ फेऱ्या आणि वर साधारण ४७ मीटर पळायचे. ते ४७ मीटर शेवटच्या रेषेच्या अलीकडे मोजून तिथून सुरुवात करा.

आमच्याकडे शाळेचं मुरमाचं मैदान आहे. तिथे ५,००० मीटर घेता येईल?
— क्रीडाशिक्षिका, हडपसर

९० बाय ४० मीटर मोकळी जागा असेल तर २०० मीटरचा ट्रॅक आखा, म्हणजे बरोबर २५ फेऱ्या होतील. मैदानाच्या मध्यभागी ५० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीभोवती १५.७२ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ फक्कीने काढा आणि दोन्ही बाजू ५०-५० मीटरच्या सरळ रेषांनी जोडा. कड उंचावलेली नसते तेव्हा अंतर रेषेपासून २० सेंटिमीटरवर मोजतात. म्हणजे धाव १५.९२ मीटर त्रिज्येवर होते, दोन्ही वळणं मिळून १०० मीटर भरतात आणि दोन सरळ भाग १०० मीटरचे.

सुतळीने आखू नका, ती ताणते. त्रिज्या १० सेंटिमीटर चुकली तर २५ फेऱ्यांत जवळजवळ १६ मीटरचा फरक पडतो. स्टीलचा टेप घ्या. आखून झाल्यावर सरळ रेषांच्या चार टोकांचा आयत तपासा. दोन्ही कर्ण ५९.०६ मीटर आले पाहिजेत. एक मोठा आणि एक छोटा आला, तर आयत तिरका झाला आहे. फक्की आदल्या संध्याकाळी नको, सकाळीच टाका. रात्री मैदानावर क्रिकेट होतंच. वळणं आवळ असल्यामुळे एका वेळी दहापेक्षा जास्त मुली सोडू नका.

जाता जाता: ४०० मीटरच्या ट्रॅकवर ५,००० मीटरच्या साडेबारा फेऱ्या होतात. सुरुवात शेवटच्या रेषेवरून करायची नाही. पलीकडच्या सरळ मार्गाच्या टोकाला, २०० मीटरच्या खुणेवरून करायची. हे विसरलं की शर्यत ४,८०० नाहीतर ५,२०० मीटरची होते.

५० मिनिटांचं लक्ष्य आहे. वेग कसा सांभाळू?
— वाचक, औंध

फेरीला बरोबर २:००, अर्ध्या फेरीला १:००. पहिली फेरी १:५८ च्या आत आली तर तिथेच आवरा. ट्रॅक सपाट असतो, आजूबाजूला माणसं असतात आणि १:४८ सहज वाटतं. त्याची वसुली आठव्या-नवव्या फेरीनंतर होते. ४५ मिनिटांना १:४८, ५५ ला २:१२, ६० ला २:२४. तुलनेसाठी सांगतो: नाशिकच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं ते ३३:०५.२८ वेळेत, म्हणजे फेरीला सरासरी ७९ सेकंदांहून थोडं जास्त.

रस्त्यावरचे जाड तळाचे बूट ट्रॅकवर चालतात का?
— वाचक, पिंपरी

तुमच्या गटाच्या शर्यतीत हवे ते घाला. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांनुसार होणाऱ्या ट्रॅक स्पर्धेत मात्र नोव्हेंबर २०२४ पासून तळाची जाडी २० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि रस्त्यावरचे कार्बन पट्टीचे बहुतेक बूट त्याहून बरेच जाड असतात. स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालणार असाल तर सिंथेटिक ट्रॅकवर खिळा जास्तीत जास्त ९ मिलिमीटरचा. मैदानवाले अनेकदा ६ चाच सांगतात, आधी विचारून घ्या. पहिल्याच शर्यतीत २५ फेऱ्या स्पाइक्सवर काढू नका. टाच खाली राहते, पोटऱ्या ताणल्या जातात आणि सोमवारी जिना उतरवत नाही.