फिटनेससाठी रोडबाइक: रेस, एंड्युरन्स की ग्रॅव्हल?

प्रश्न: वय 41, वजन 82 किलो, राहायला पुण्यात. आठवड्यात तीनदा सकाळी 30 किलोमीटर, रविवारी पानशेत किंवा सिंहगड. सध्या हायब्रिड (सरळ हँडलची सायकल) आहे, आता रोडबाइक घ्यायची आहे. दुकानदार साडेआठ किलोची रेस बाइक गळ्यात मारतोय, मित्र म्हणतो ग्रॅव्हल (कच्च्या वाटेसाठीची, जाड टायरची) घे. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही नको. तुमच्या वापराला एंड्युरन्स, म्हणजे लांबच्या, आरामशीर स्वारीसाठीची रोडबाइक हवी. रेस बाइकपेक्षा तिचं हँडल साधारण दोन-तीन सेंटिमीटर उंच आणि जरा जवळ असतं. रेस फ्रेमवर तासभर वाकून बसायला पाठ आणि मांडीच्या मागचे स्नायू मोकळे लागतात. ते नसले की माणूस कोपर ताठ धरतो, मान आखडते आणि मग स्टेमखाली (हँडल धरून ठेवणारा तुकडा) स्पेसर, म्हणजे कड्या, घालून हँडल वर घ्यायची धडपड सुरू होते. फोर्कची (पुढचं चाक धरणारा दुफाटा) वरची नळी आधीच कापलेली असेल तर तेही जमत नाही.

वजनाचं म्हणाल, तर तुम्ही आणि दहा किलोची सायकल मिळून 92 किलो. रेस बाइक घेऊन दीड किलो कमी झालं म्हणजे जेमतेम 1.6 टक्के, तासाभराच्या चढात फार तर एक मिनिट. पाऊण लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्यांचं वजन तेवढंच भरतं.

सिंहगडावर फरक पडतो तो गिअरने. बऱ्याच रेस बाइकना पुढे पॅडलपाशी 52 आणि 36 दात्यांच्या चकत्या, मागे 11-28 ची कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच, सर्वांत लहान 11 आणि सर्वांत मोठी 28 दात्यांची) असते. सर्वांत हलका गिअर 36/28. तीव्र चढावर तुमचा वेग तासाला 9 किलोमीटरवर आला, की या गिअरमध्ये पॅडल मिनिटाला जेमतेम 55 फेरे फिरतं. म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर. पुढे 34 आणि मागे 34 असेल तर त्याच वेगाला सत्तरच्या आसपास फेरे पडतात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच: पुढची लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी, किती दात्यांची? मागची मोठी कॅसेट नंतर बसवता येते, पण मागच्या डिरेल्युअरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे दाते झेपायला हवेत, नाहीतर तोही बदलावा लागतो.

दुसरा प्रश्न टायरचा. फ्रेममध्ये 32 मिलिमीटरचा टायर मोकळा फिरलाच पाहिजे. तुमच्या वजनाला 25 च्या टायरमध्ये नव्वदच्या वर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरावी लागते आणि रम्बलरच्या पट्ट्यांवर हात झिणझिणतात. हवा कमी ठेवली की खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चेपते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. 32 मध्ये 60 ते 65 पीएसआयला काम भागतं. हवा मात्र आठवड्यातून एकदा पंपाच्या मीटरवर पाहा. बोटाने दाबून काही कळत नाही.

ग्रॅव्हल वाईट नाही. वाट कच्ची असेल तर तीच घ्यावी. पण तुमचा सगळा रस्ता डांबरी. पुढे एकच चकती असलेल्या ग्रॅव्हलवर दोन गिअरमधलं अंतर मोठं असतं. सपाटीवर एक गिअर जड वाटतो, पुढचा हलका.

फ्रेम ॲल्युमिनियमची, फोर्क कार्बनचा, ब्रेक डिस्क (चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणारा), जमल्यास हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा. पावसाळ्यात रिम ब्रेकचे पॅड चिखलाने रिम घासून खातात. डिस्कचंही एक पथ्य आहे: चेनवर तेलाचा स्प्रे मारताना डिस्क फडक्याने झाका. थोडं तेल उडालं तरी ब्रेक किंचाळतो, धरत नाही, आणि पॅड बहुधा बदलावेच लागतात.

प्रश्न: सीटची उंची घरी कशी ठरवावी?

उत्तर: अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, पुस्तक दोन्ही पायांमध्ये सीटइतक्या दाबाने वर धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. आलेल्या आकड्याला 0.883 ने गुणा. 80 सेंटिमीटर असेल तर 70.6. क्रँक (पॅडलचा दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवा.

प्रश्न: हायब्रिडवर तासाभराने करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं. तिलाच रोडबाइकसारखं वाकडं हँडल बसवून घेऊ का?

उत्तर: नको. ब्रेक-गिअरचे लिव्हर, कधी डिरेल्युअरसुद्धा बदलावे लागतात, शिवाय हायब्रिडची फ्रेम मुळात लांब असल्याने हात आणखी पुढे जातात. बधिरपणा येतो तो तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूची नस दबल्याने. आधी सीटचं टोक खाली झुकलंय का पाहा. झुकलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि भार हातांवर येतो. सीट सपाट करा, मनगट सरळ राहील असे ब्रेकचे लिव्हर फिरवा, हँडलच्या टोकांना बार-एंड (शिंगासारख्या छोट्या दांड्या) लावा म्हणजे पकड बदलता येईल. सायकलवरून उतरल्यावरही बोटं बधिरच राहत असतील तर डॉक्टरांना दाखवा.