अमेरिकेच्या वाळवंटातली गावं ओसाड पडली. मग त्यांचा इतिहास जपतं कोण, आणि कसा?

मी दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. दोन-तीनदा पाहिलेल्या गॉफ्स या एकाच गावाबद्दल सांगतो, म्हणजे उगाच मोघम होणार नाही.

मोहावी वाळवंटात १८८३ च्या सुमारास रेल्वे आली. स्टेशनांना नावं कुठून आणायची, तर इंग्रजी बाराखडी लावली: अँबॉय, ब्रिस्टल, केडिझ, डॅनबी, असं करत करत ‘जी’ला गॉफ्स. पुढे गावातून रूट ६६ हा महामार्ग गेला, १९३१ मध्ये तो दुसरीकडून वळवला आणि गाव बाजूला पडलं. १९१४ साली बांधलेली शाळा १९३७ मध्ये बंद झाली. आज त्याच शाळेत संग्रहालय आहे, आणि आवारात वाळवंटाच्या इतिहासाचं ग्रंथालय.

हे सगळं उभं राहिलं ते डेनिस केसबियर यांच्यामुळे. तरुणपणी अमेरिकेच्या मरीन दलातले सैनिक म्हणून ते या भागात आले आणि वाळवंटाच्या नादी लागले ते कायमचे. नोकरी भौतिकशास्त्रज्ञाची, पण लष्करी चौक्यांचे जुने कागद धुंडाळायला पार वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारापर्यंत जायचे. २०२१ मध्ये ते वारले. त्यांचं खरं मोठं काम मला वेगळंच वाटतं: गाव सोडून गेलेली माणसं शोधून काढायची, त्यांना बोलतं करायचं, त्यांच्या घरातले फोटो घेऊन नकला करून ठेवायच्या. कारण ओसाड गावाचा इतिहास गावात उरतच नाही. तो तीन राज्यं पलीकडे कुणाच्या तरी नातीच्या गॅरेजमध्ये, बुटाच्या खोक्यात पडलेला असतो.

असं एक खोकं मी स्वतः पाहिलंय. आमच्या शेजारच्या आजींचे वडील रेल्वेत होते. एका फोटोत पाण्याची टाकी, पत्र्याची खोली आणि एक गाढव. मागे पेन्सिलीने फक्त ‘जुलै, ११८ अंश’. (फॅरनहाइट, म्हणजे आपले जवळजवळ ४८.) स्टेशन कोणतं, पत्ता नाही. आजी म्हणाल्या, “टाकीच्या मागे आमचं दार. सकाळी सावली दारात यायची, तेवढा वेळ आई कपडे धुवायची.” मी फोन रेकॉर्डिंगला लावला, फोटो पुढून-मागून स्कॅन केला आणि कोण कुठे उभं आहे ते लिहून घेतलं. नावांशिवाय तो नुसता गाढवाचा फोटो होता.

कोरड्या हवेत कागद आपोआप टिकतो, हा गैरसमज. कोकणातल्यासारखी बुरशी धरत नाही, हे खरं. पण कागदाचा पापड होतो. जुनं वर्तमानपत्र घाईने उलगडलंत तर घडीवरच तुकडा पडतो. शिवाय उंदीर. गंमत म्हणजे इथल्या पॅकरॅट उंदरांनीही दप्तर राखलंय! गोळा केलेल्या काड्या-पानांवर त्यांचं मूत्र सुकून घट्ट बसतं, आणि खडकाच्या कपारीतल्या अशा ढिगांत चाळीस हजार वर्षांपूर्वीची पानंही शास्त्रज्ञांना सापडली आहेत.

कागदी दप्तरात मात्र एक मोठं भगदाड आहे. चेमेहुएवी आणि मोहावी हे मूळनिवासी लोक इथे रेल्वेच्या कितीतरी आधीपासून आहेत, पण त्यांच्याबद्दलचे जुने कागद बहुतेक सैनिक-सरकारचे. चेमेहुएवींची ‘मीठ-गीतं’ मृत्यूनंतरच्या विधीत गातात. वाळवंटातल्या ठिकाणांवरून होणारा प्रवास त्यांत असतो. म्हटलं तर तोही अभिलेख. पण तो रेकॉर्ड करून कपाटात ठेवायचा का, हे ठरवायचा हक्क त्यांचाच.

कधी गेलात तर वाटेत जांभळट काचेचे तुकडे दिसतील. ती मुळात बिनरंगाची काच. तिच्यातल्या मँगनीजमुळे वर्षानुवर्षांच्या उन्हात जांभळी होते. असा तुकडा दिसला की साधारण पहिल्या महायुद्धाच्या आधीची बाटली समजायची. खिशात घालू नका, जागेवरच फोटो काढा. तुकडा कुठे पडलाय यातच निम्मी माहिती असते. आणि पेट्रोल जवळच्या नीडल्स गावातच भरून घ्या.