अमेरिकन यादवी युद्धाचा निकाल गेटिसबर्गने लावला की विक्सबर्गने?

अमेरिकेच्या यादवी युद्धातील (1861–1865, उत्तरेची राज्ये विरुद्ध फुटून निघालेली दक्षिणेची राज्ये) निर्णायक लढाई म्हणून सगळीकडे गेटिसबर्गचेच नाव का घेतले जाते आणि ते कितपत रास्त आहे, असा आपला प्रश्न आहे. गेटिसबर्गचे नाव का घेतले जाते हे समजण्यासारखे आहे; पण माझ्या मते युद्धाचे पारडे फिरले ते तेथून शेकडो मैल दूर, मिसिसिपी नदीकाठच्या विक्सबर्ग येथे. त्यातही नेमक्या एका दिवसावर बोट ठेवायचे, तर मी ते 4 जुलै 1863 या शरणागतीच्या दिवसावर न ठेवता त्याआधी सात आठवडे, 16 मे रोजी चॅम्पियन हिल नावाच्या टेकडीवर झालेल्या लढाईवर ठेवीन.

पेन्सिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे 1 ते 3 जुलै 1863 या तीन दिवसांत दोन्ही बाजू मिळून सुमारे 51,000 माणसे मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. रणभूमी वॉशिंग्टनपासून जवळ होती, पूर्वेकडच्या मोठ्या वृत्तपत्रांचे बातमीदार हाताशी होते आणि नोव्हेंबरात तेथील स्मशानभूमीच्या समर्पणप्रसंगी लिंकनने केलेल्या छोट्याशा भाषणाने त्या जागेला अमर करून टाकले. मात्र पराभूत झालेला दक्षिणेचा जनरल रॉबर्ट ली आपले उरलेले सैन्य घेऊन पोटोमॅक नदीपलीकडे सुखरूप परतला आणि एप्रिल 1865 पर्यंत लढत राहिला. विक्सबर्गला पराभूत झालेले सैन्य मात्र परतले नाही, ते सगळेच्या सगळे उत्तरेच्या हाती लागले. एखाद्या सैन्याला माघार घ्यायला लावणे आणि त्याचे अस्तित्वच पुसून टाकणे यांत जो फरक आहे, तोच मला या दोन विजयांत दिसतो.

विक्सबर्ग हे 1860 साली जेमतेम साडेचार हजार वस्तीचे गाव होते. त्याचे महत्त्व होते ते जागेमुळे. मिसिसिपी तेथे अगदी अरुंद वळण घेत असे आणि त्या वळणावर सुमारे 200 फूट उंचीच्या कड्यावर गाव वसलेले होते. कड्यावर तोफा चढवल्या की वळणाशी वेग मंदावलेली प्रत्येक बोट माऱ्यात येई. उत्तरेकडून पायदळाने यावे तर याझू नदीच्या खोऱ्यातली दलदल आडवी येई. डिसेंबर 1862 मध्ये उत्तरेचा जनरल शर्मन याने चिकासॉ बायू येथून हल्ला चढवला आणि तो साफ फसला. त्याच सुमारास हॉली स्प्रिंग्ज येथील, उत्तरेचा सेनापती ग्रँट याचे कोठार दक्षिणेच्या घोडदळाने जाळले आणि त्याला मागे फिरावे लागले. माघारीच्या त्या वाटेवर त्याने आसपासच्या शेतवाड्यांतून धान्य आणि जनावरे गोळा करून सैन्य जगवले, आणि या मुलखात कोठाराशिवायही फौज पोसता येते हे त्याच्या ध्यानात आले. पुढे त्या उरलेल्या हिवाळ्याभर त्याने नदीचा प्रवाहच गावाला वळसा घालून नेण्यासाठी समोरच्या जिभेसारख्या जमिनीतून कालवा खणण्याची खटपट केली, झाडाझुडपांनी भरलेल्या ओढ्यांतून बोटी घुसवून पाहिल्या. यांतले काहीच साधले नाही.

मग 16 एप्रिल 1863 च्या रात्री उत्तरेच्या अ‍ॅडमिरल पोर्टरच्या बोटी सरळ तोफांच्या तोंडासमोरून खाली निघाल्या. वाहतुकीच्या बोटींचे बॉयलर वाचावेत म्हणून त्यांच्याभोवती कापसाच्या आणि वाळलेल्या गवताच्या गासड्या रचलेल्या होत्या. पहारेकऱ्यांना चाहूल लागताच काठावर आगी पेटवण्यात आल्या, नदी उजळून निघाली आणि दोनएक तास भडिमार चालला. एका बोटीवरच्या त्याच कापसाने पेट घेतला आणि ती जळून गेली. बाकीच्या बोटी मार खात का होईना, पण पार झाल्या. सैन्य तोवर पश्चिम तीराने पायी दक्षिणेकडे सरकले होते. नदी कोठे ओलांडावी याचा शोध चालू असताना एका कृष्णवर्णीय माणसाने सांगितले की ब्रुइन्सबर्ग येथे उतरले तर तेथून आत जायला चांगला रस्ता आहे. ही नोंद स्वतः ग्रँटने आपल्या आठवणींत केली आहे, त्या माणसाचे नाव मात्र दिलेले नाही. 30 एप्रिलला सैन्य तेथेच उतरू लागले आणि पुढील वर्षी याच ग्रँटला सर्व सैन्यांचा सरसेनापती करणाऱ्या मोहिमेला खरी सुरुवात झाली.

पानिपताच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या आपल्या मंडळींना रसद तुटणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. ग्रँटने मात्र पिछाडीचा बंदोबस्त पक्का होण्याची वाट न पाहता रसदेचा मार्ग जवळपास आपणहून सोडला. कडक बिस्किटे, कॉफी, मीठ आणि दारूगोळा तेवढा गाड्यांनी मागून यायचा. बाकी सारे मुलखातून मिळवायचे. पुरेशा लष्करी गाड्या नदी ओलांडून आल्या नव्हत्या, तेव्हा आसपासच्या मळेवाल्यांच्या घरची वाहने ओढून आणली गेली. मेजवान्यांना जाण्यासाठी बनवलेल्या देखण्या बग्ग्या काडतुसांच्या पेट्यांनी काठोकाठ भरलेल्या आणि त्यांना नांगराच्या साजात जुंपलेली खेचरे, अशी ती विचित्र वरात निघाली. त्यानंतरच्या 17 दिवसांत या सैन्याने सुमारे 180 मैलांची चाल केली आणि पाच लढाया जिंकल्या. ग्रँट सरळ उत्तरेला विक्सबर्गवर जाईल अशी सर्वांची अपेक्षा होती. तो ईशान्येला वळून मिसिसिपी राज्याच्या राजधानीवर, जॅक्सनवर, जाऊन आदळला, कारण विक्सबर्गला जाणारा लोहमार्ग तेथून जात होता आणि दक्षिणेच्या जनरल जोसेफ जॉन्स्टनच्या नेतृत्वाखाली मदतीची फौज तेथेच जमत होती. 14 मे रोजी जॅक्सन पडले आणि दक्षिणेच्या दोन सैन्यांमध्ये ग्रँटची पाचर बसली.

विक्सबर्गचा सेनापती जॉन पेम्बर्टन हा मूळचा उत्तरेतल्या पेन्सिल्व्हेनियाचा, पत्नी व्हर्जिनियाची. त्याच्या वाट्याला आलेली कोंडी पाहिली की मला त्याची कीव येते. काहीही झाले तरी विक्सबर्ग सोडू नये, असे दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचे म्हणणे होते. जॉन्स्टनचे म्हणणे होते की गावापेक्षा सैन्य मोलाचे, तेव्हा बाहेर पडून आपल्याला येऊन मिळावे. पेम्बर्टनने धड एकही ऐकले नाही. सुमारे 22,000 माणसे घेऊन तो ग्रँटची रसद तोडायला निघाला, जी रसद त्याला अपेक्षित होती त्या स्वरूपात अस्तित्वातच नव्हती, आणि वाटेत बेत बदलून जॉन्स्टनकडे वळत असतानाच 16 मे रोजी सकाळी चॅम्पियन हिलपाशी सुमारे 32,000 सैनिकांशी त्याची गाठ पडली.

टेकडी फारशी उंच नव्हती. पण तिच्यावर तोफा होत्या आणि पायथ्यापाशी रस्त्यांचा चौक होता. उत्तरेच्या सैन्यातील हॉव्हीच्या तुकडीने टेकडी चढून तोफा जिंकल्या. दुपारी दक्षिणेच्या बोवेनच्या मिझुरी आणि आर्कान्साच्या पलटणींनी असा प्रतिहल्ला केला की टेकडीही गेली, तोफाही गेल्या. पुन्हा कुमक येऊन दोन्ही परत घेतल्या. हॉव्हीच्या तुकडीतील चौथ्या हिश्शाहून अधिक माणसे त्या एका दिवसात कामी आली किंवा जखमी झाली. त्याच वेळी दक्षिणेकडच्या रस्त्यावर ग्रँटच्या हाताखालच्या मॅक्लर्नंडचे सैन्य जवळजवळ स्वस्थ उभे होते, आणि ते वेळेत पुढे सरकले असते तर पेम्बर्टन त्या दिवशीच पुरता अडकला असता, असे मला वाटते. संध्याकाळपर्यंत पेम्बर्टनची माघार सुरू झाली होती; त्याच्या हाताखालच्या लोरिंगची एक संपूर्ण डिव्हिजन त्याच्यापासून तुटून जॉन्स्टनकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी बिग ब्लॅक नदीच्या पुलाशी आणखी एक पराभव पदरी घेऊन उरलेले सैन्य विक्सबर्गच्या तटबंदीत शिरले. मोकळ्या मैदानात ग्रँटला अडवण्याची अखेरची संधी या दोन दिवसांत हातची गेली, म्हणूनच चॅम्पियन हिलला मी निर्णायक म्हणतो. पुढचा वेढा हा त्या लढाईचा परिणाम होता.

वेढा मात्र सोपा नव्हता. 19 आणि 22 मे रोजी ग्रँटने थेट हल्ले करून पाहिले. दुसऱ्या हल्ल्यात तीन हजारांवर माणसे गमावल्यावर त्याने कुदळ-फावडी हाती घेतली. रहिवाशांनी टेकड्यांच्या पिवळ्या, भुसभुशीत मातीत गुहा खणून त्यांत बिऱ्हाडे थाटली. सैनिकांचा शिधा घटत गेला, शेवटी खेचराचे मांस शिजू लागले. 28 जूनच्या तारखेचे एक निनावी पत्र पेम्बर्टनला आले. खाली ‘अनेक सैनिक’ एवढीच सही होती आणि आम्हांला पोसता येत नसेल तर शरण जा, असा त्याचा आशय होता. कागद संपल्यामुळे ‘डेली सिटिझन’ हे स्थानिक वृत्तपत्र भिंतींना लावायच्या रंगीत नक्षीदार कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर छापले जात होते. 2 जुलैच्या अंकात संपादकाने ग्रँटची टर उडवली होती: म्हणे याला चौथ्या तारखेला गावात जेवण करायचे आहे, पण सशाचे कालवण करायचे तर आधी ससा पकडावा लागतो. दोन दिवसांनी उत्तरेचे सैनिक छापखान्यात शिरले तेव्हा खिळे तसेच जुळवलेले होते. ग्रँटने ससा पकडला आहे, अशी तळटीप जोडून त्यांनी तोच अंक छापून टाकला.

शरण आलेल्या सुमारे 29,500 सैनिकांना उत्तरेकडे न्यायचे तर बोटी अडकून पडल्या असत्या, म्हणून रीतसर अदलाबदल होईपर्यंत शस्त्र न धरण्याच्या लेखी वचनावर त्यांना सोडण्यात आले. 172 तोफा मिळाल्या. 9 जुलैला नदीवर आणखी खाली असलेले दक्षिणेचे ठाणे पोर्ट हडसनही पडले, मिसिसिपी उगमापासून मुखापर्यंत उत्तरेच्या ताब्यात आली आणि टेक्सास, आर्कान्सा व पश्चिम लुइझियाना उरलेल्या दक्षिणेपासून तुटले. नदीपलीकडून येणारी गुरे, घोडे आणि मेक्सिकोमार्गे येणारी शस्त्रे बंद झाली असे नेहमी सांगितले जाते. ते खरे आहे, पण ती आवक आधीच रोडावली होती, त्यामुळे एक अख्खे सैन्य गमावणे हा मला त्याहून मोठा घाव वाटतो. शिवाय नदीच्या खोऱ्यातील हजारो गुलामांसाठी उत्तरेचे सैन्य येणे म्हणजे मुक्तीच्या जाहीरनाम्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी होती. 7 जूनला मिलिकन्स बेंड येथे नुकत्याच भरती झालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी, पुरते प्रशिक्षणही झालेले नसताना, संगिनींची हातघाईची लढाई केली. लिंकनने 13 जुलैला ग्रँटला पत्र पाठवून कबूल केले की तुम्ही बिग ब्लॅक नदीच्या पूर्वेने उत्तरेकडे वळलात तेव्हा मला ती चूक वाटली होती, पण तुमचे बरोबर होते आणि माझे चुकले.

या युद्धाची झळ मुंबईलाही लागली होती, किंबहुना सुरुवातीला ती ऊब होती. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकेशायरच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. विक्सबर्ग पडल्याने तो ओसरला नाही, कारण नाकेबंदी कायम होती. 1865 च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी आली तेव्हा कापसाचे भाव कोसळले, आणि त्या वर्षीच्या 1 जुलैला वायद्यांचे व्यवहार पुरे करायची वेळ आली तेव्हा प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे सटोडियेही बुडाले.

विक्सबर्गची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ग्रँटला जे कालवा खणून जमले नव्हते ते एप्रिल 1876 मध्ये मिसिसिपीने आपणहून केले: समोरची जिभेसारखी जमीन फोडून तिने नवे पात्र धरले आणि ज्या वळणासाठी एवढे रक्त सांडले ते वळण कोरडे पडू लागले. बंदर टिकावे म्हणून पुढे याझू नदीचे पाणी कालव्याने जुन्या पात्रात वळवण्यात आले, आणि आज विक्सबर्गच्या धक्क्याला लागून वाहते ते याझूचे पाणी आहे.